एम्प्टी, व्हेकंट, ब्लँक, हॉलो... नक्की कुठे काय?

आडगावकर:
भावाचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. एका परदेशी माणसाला मेल टाकला, त्यात 'फ्लॅट इज एम्प्टी' लिहिलं, तर त्याचा उलट प्रश्न, म्हणजे बेड-फ्रिज काहीच नाही का, जाहिरातीत तर फर्निश्ड म्हटलंय! मला म्हणायचं होतं की सध्या कोणी राहत नाही. बायको म्हणे व्हेकंट लिहायचं होतंत. त्यात लेक विचारते, मग पेपर बघून डोकं ब्लँक का होतं, व्हेकंट का नाही? आपल्याकडे बरंय, एक 'रिकामं' म्हटलं की झालं. कोणी नीट सांगेल का?

खडूवाली:
एक 'रिकामं' म्हटलं की झालं? वही तुमच्याकडे रिकामी असते की कोरी? आणि बांबू? तो पोकळ, गाव ओस. इंग्रजीतही तसंच, आधी बघायचं की तिथे काय असायला हवं होतं. डब्यात, खोलीत काही नाही तर एम्प्टी. माणसाची जागा मोकळी असेल तर व्हेकंट, म्हणून नोकरीची व्हेकन्सी, विमानातल्या टॉयलेटच्या दारावरही तेच. ब्लँक आलाय फ्रेंचमधल्या पांढऱ्यावरून, म्हणजे लिहिलेलं काही नाही. लेकीला सांगा पाटीच कोरी झाली म्हणून ब्लँक. व्हेकंट लुक वेगळा हं, डोळे उघडे पण घरात कोणी नाही. (कोऱ्या चहाला मात्र ब्लँक टी म्हणू नका, माझ्या वर्गात एकाने खरंच लिहिलं होतं!)

काळाकोट:
आमच्या धंद्यातला व्हॉइड राहिला की. 1872 च्या करार कायद्यात व्हॉइड म्हणजे ज्याची कायद्याने अंमलबजावणीच होऊ शकत नाही, कागद भरलेला, सह्या ठोकलेल्या, तरी आत जीव नाही. व्हॉइडेबल वेगळं, म्हणजे फसवून सही घेतली असेल तर ज्याला फसवलं त्याच्या मर्जीवर, त्याने मोडला तर मोडला नाहीतर चालू. अशिलं दोन्हीला 'रद्द' म्हणतात आणि मग डोकं आमचं जातं.

सेमीकोलन:
आम्ही प्रोग्रामर तर यावर भांडतो राव. एम्प्टी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणजे डबा आणलाय पण आत भाजी नाही, नल (null, मुळात काही दिलेलंच नाही) म्हणजे डबाच आणला नाही. आणि ओरॅकल डेटाबेसवाले दोन्ही एकच धरतात, एकदा त्यात माझी अख्खी रात्र गेलीय.

जुनीपोथी:
एम्प्टीचं मूळ बघा, मजा येईल. जुन्या इंग्रजीत तो शब्द फुरसत या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे ज्याला काम नाही तो. अगदी आपला रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावणारा! व्हेकेशन आणि व्हेकंट पण सख्खी भावंडं, दोन्ही लॅटिनमधल्या रिकामं असण्यावरून.

आडगावकर:
आणि हॉलो? बातम्यांत कधी एम्प्टी प्रॉमिस असतं कधी हॉलो.

खडूवाली:
दोन्ही चालतं, पण हॉलोला वरून भक्कम दिसावं लागतं. बडा घर पोकळ वासा. म्हणून जिंकूनही हाती काही लागलं नाही की हॉलो व्हिक्टरी, तिथे एम्प्टी म्हटलं तर चूक नाही पण तो वासा पोकळ वाजत नाही.

आडगावकर:
धन्यवाद मंडळी. 'व्हेकंट बट फुली फर्निश्ड' असं दुरुस्त करून पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'इज द पार्किंग फ्री?' आता हे फुकट विचारतोय की मोकळं?