मदत हवी आहे: कुत्र्यासाठी व्हिटॅमिन के1 च्या गोळ्या

आम्ही देवगडला असतो. आमच्या मोत्याने शेजारच्या आंब्याच्या खोपीत ठेवलेली उंदराच्या औषधाची वडी खाल्ली, ब्रोमाडायोलोनची. दोन-तीन दिवस ठणठणीत होता, मग हिरड्या पांढऱ्याफटक आणि नाकातून रक्त, थांबता थांबेना. डॉक्टरांनी के1 चं इंजेक्शन दिलं, आता जेवतोय. पण हे विष यकृतात टिकून राहतं, म्हणून गोळ्या 3-4 आठवडे द्यायच्यात. मेडिकलवाला के3 पुढे करतो, वर "एकच मा!" म्हणतो. या विषावर के3 चा उपयोग होत नाही. कणकवली, कुडाळ किंवा कोल्हापुरात के1 च्या गोळ्या कुठे मिळतील? शिवाय गोळ्या बंद केल्यावर 48 तासांनी पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) तपासायचीय. कुत्र्याचं रक्त घेणारी लॅब कुणाला माहितीय का? घरगुती उपाय कृपया नकोत.