न आलेल्या गाडीचे किस्से

चकवाचांदणी

डिसेंबर २०२० मध्ये ॲप्टेरा या उन्हावरही चालणाऱ्या विजेच्या गाडीची नोंदणी सुरू झाली आणि मी त्याच रात्री १०० डॉलर भरून मोकळी झाले. आधी नोंदणी केलेल्या कुणाचा शिफारशीचा कोड असता तर ७० मध्येच काम झालं असतं, हे नंतर कळलं. नवरा म्हणाला, "चाकं तीन, जागा दोन, आणि आपण माणसं चार." मी म्हटलं, दोन फेऱ्या मारू.

मुलगा तेव्हा पाचवीत होता. आता त्याच्याकडे शिकाऊ परवाना आहे आणि "ती आली की मी चालवणार" असं तो अधूनमधून बजावतो. ती काही अजून आलेली नाही. कंपनी कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडला, आमच्यापासून तासाभरावर. गाडी लोकांना दाखवतात तेव्हा आम्ही दोनदा जाऊन आलो. दारं पंखासारखी वर उघडतात. (ॲप्टेरा म्हणजे ग्रीकमध्ये 'पंख नसलेली'. असो.) दुसऱ्या वेळी धाकटीने गाडीच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "आई, हा डॉल्फिन आहे." तेव्हापासून घरात तिला डॉल्फिनच म्हणतात. न आलेल्या गाडीला आमच्याकडे लाडाचं नाव आहे.

ज्यांनी अशा जगावेगळ्या विजेच्या गाडीची वाट पाहिली, पाहताहेत किंवा पाहणं सोडलं, त्यांनी लिहा. बातम्या नकोत, त्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. वाट बघताना तुमच्या घरात काय झालं, ते लिहा.

जुना भिडू

मी पहिल्या खेपेचा. तुमच्यातले बरेच जण हे विसरतात की ॲप्टेरा एकदा येता येता राहिली आहे. तेव्हा नाव 'टू-ई', अंग असंच पाण्याच्या थेंबासारखं, चाकं तीनच. बुकिंग फक्त कॅलिफोर्नियातल्यांना होतं आणि मी सॅन डिएगोत, त्यामुळे स्वतःला मोठा नशीबवान समजायचो. २०१० च्या एक्स-प्राइझ या कमी इंधनात जास्त पळणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत गाडी उतरली, जिंकली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये लोकांची अनामत परत आली आणि डिसेंबर २०११ मध्ये कंपनीला कुलूप लागलं.

तो चेक मी कित्येक दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. बँकेत टाकला की संपलंच, असं वाटायचं. शेवटी बायकोने नेऊन भरला आणि त्यातून मिक्सर आणला.

२०१९ मध्ये स्टीव्ह फॅम्ब्रो आणि ख्रिस अँथनी, पहिल्या कंपनीतले तेच दोघे, पुन्हा उभे राहिले. मित्र म्हणाला, मोडलेल्या सोयरिकीत परत पत्रिका टाकतोयस? टाकली. मिक्सर अजून चालतो.

साचेवाला

मी साच्यांच्या धंद्यात आहे, म्हणून ॲप्टेरा का येत नाही या रडगाण्यावर थोडं बोलतो. नोंदणीचे १०० डॉलर आणि गाडी बनवायचा पैसा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रांगेत हजारो लोक असले तरी त्यातून जेमतेम साच्यांच्या पहिल्या हप्त्याची सोय होते. या गाडीचं अंग कार्बन फायबरचं, मोजक्या मोठ्या तुकड्यांत, इटलीत मोदेनाला बनणारं. असा साचा एकदा कापला की मत बदलायची सोय उरत नाही. आणि इथे तर आधी मोटर चाकाच्या आतच बसणार होती, नंतर तो बेत बदलला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मोटरच बदलली ना? पण मोटर हलली की तिच्याबरोबर ॲक्सल, सस्पेन्शन, ब्रेक, गार ठेवण्याची नळी, सगळं हलतं.

त्यात बडा गुंतवणूकदार नाही, लोकांकडून थोडे थोडे गोळा करत चाललेलं काम. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीचा शेअर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आला. मीही थोडे घेतलेत. बायकोला सांगितलेलं नाही, तेव्हा इथेच राहू द्या.

इसारकाठची

म्युनिकहून. आमची ती सायन, इथल्याच सोनो मोटर्सची सोलर गाडी. काळ्या रंगाची, म्हणजे दुसरा रंगच नव्हता, कारण अख्ख्या अंगावर सोलर पट्ट्या. दिसायला ठोकळा. पण डॅशबोर्डमध्ये खरं शेवाळ बसवलं होतं! मी पैसे भरले नव्हते, ऑफिसातल्या मैत्रिणीने भरले होते. तिच्याबरोबर मी नमुन्याच्या गाडीत बसून आले. सगळ्यांनी रेंज विचारली, मी त्या शेवाळाला बोट लावून पाहिलं.

डिसेंबर २०२२ मध्ये गाडी वाचवायची मोहीम निघाली, की ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांनी पूर्ण रक्कम आधीच द्यावी. त्या पन्नासेक दिवसांत मैत्रिणीच्या घरी दुसरा विषय नव्हता. तिचे वडील रोज रात्री फोन करून आकडा विचारायचे, जणू कुणी दवाखान्यात आहे. २४ फेब्रुवारी २०२३ ला कंपनीने प्रकल्प बंद केल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला आली, काही बोलली नाही. तिच्या टेबलावर कुंडीत शेवाळ आहे अजून. मी कधी विचारलं नाही.

ठेच लागलेला

नाव घेत नाही. तीनचाकीच होती, विजेचीच होती, आणि दर तीन महिन्यांनी "लवकरच" यायची. मी अनामत भरली आणि वर भरवशावर जुनी गाडी विकून टाकली. हा माझा मूर्खपणा, त्यांचा नव्हे. चौदा महिने बसने फिरलो. मग ईमेलांना उत्तरं येणं थांबलं.

नव्यांना एवढंच सांगतो, जुनी गाडी विकू नका. तिच्यात तेल घाला, टायर बदला, तिच्याशी गोड बोला.

पुणेरी प्लग

आमच्याकडे वाट पाहणं स्वस्त आहे, ५,००० रुपयांत होतं. ईव्हा म्हणून पुण्याच्याच वेव्ह कंपनीची छोटी सोलर गाडी. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा दाखवली, जानेवारी २०२५ मध्ये किमती आल्या. बॅटरी भाड्याने घेतली तर सव्वातीन लाखांपासून. पुढे एकटा चालक, मागे एक मोठं माणूस आणि एक लहान मूल. छतावरच्या पॅनेलवर दिवसाला दहाएक किलोमीटर.

बाबांना दाखवली. ते म्हणाले, "मी पुढे बसलो की तुझी आई माझ्या मानेशी बसून सूचना देणार. शेजारी बसून देते ते काय कमी आहे?" आई म्हणाली, "बुक कर."

कोरडे मत

मी दोन वर्षं थांबून सरळ चार चाकांची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. रोज चालवतो. कुणी वळून पाहत नाही. बरं आहे.

पत्र्यावरचा

सिअ‍ॅटल. माझं वेड जरा वेगळं आहे, हसू नका.

ॲप्टेराच्या अंगावर साधारण ७०० वॅटच्या सोलर पट्ट्या आणि उन्हावर दिवसाला ४० मैलांपर्यंत, असा दावा. गाडी मैलाला १०० वॅट-तास खाते म्हणतात, म्हणजे ४० मैलांना ४ युनिट. हिशेब जमतो, पण कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात. एवढं कमी खाते ते आकारामुळे. वेग वाढला की गाडीचं बरंचसं बळ हवा ढकलण्यातच जातं, आणि हिचा हवेच्या रोधाचा गुणांक ०.१३ सांगतात, नेहमीच्या गाड्यांच्या जवळपास निम्मा. मागचं अंग निमुळतं करायचं म्हणून मागे चाक एकच.

मग मला प्रश्न पडला, आमच्या या रडक्या आकाशाखाली तिचं काय झालं असतं? २०२१ च्या वसंतात मी १०० वॅटचं एक पॅनेल गॅरेजच्या छतावर आडवं टाकलं. रोज रात्री मीटर वाचतो, सातने गुणतो, मैल काढतो आणि वहीत लिहितो. जुलैत तीसच्या वर जाते. डिसेंबरात चार मैल, कधी दोन. एका नाताळात शून्य, पॅनेलवर बर्फ होता. मी शिडी लावून झाडायला निघालो तर बायको म्हणाली, "खऱ्या गाडीवरचा झाडला असतास का?" नसता झाडला. शून्य लिहिलं.

आजवर माझी न आलेली गाडी तीस हजार मैलांच्या पुढे गेली आहे, सगळं उन्हावर. चार वह्या भरल्या. मागच्या वर्षी मी आठवडाभर आजारी होतो, तेव्हा बायकोने आकडे लिहिले. तिच्या अक्षरातली ती सात पानं आहेत.

चकवाचांदणी

पत्र्यावरचा, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो विचारतोय, मग टायर बदलायला नकोत का एव्हाना?

पत्र्यावरचा

हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. वहीत नोंद करतो.

आजचे अकरा. दुपारनंतर ढग होते.