सुट्टीभर दुर्लक्षित राहिलेला शाळेचा फिशटँक: गोल्डफिश सावरायचे कसे?

कातळसडा:
देवगड तालुक्यातल्या एका शाळेचा टँक आहे. माप ३६ × १५ × १८ इंच, पाणी अंदाजे १३० लिटर. मेच्या सुट्टीत पाणी बदललेलं नाही, आठवड्यातून एकदा मूठभर खाद्य मात्र पडत होतं. चार गोल्डफिश आणि एक सकर (काच चाटणारा मासा) जिवंत आहेत. दोन गोल्डफिशच्या पाठी आत बसल्या आहेत, सगळ्यांचे पर मिटलेले आणि एकाच्या शेपटीची कड झिजून लाल रेघा आल्यात. तळाला दोन इंच खडी, त्यात काळा गाळ. एअर पंप चालू आहे, पण स्पंज फिल्टर चोंदलेला.

थेंबांच्या किटचे आकडे: पीएच ५.८, अमोनिया २, नायट्राइट शून्य, नायट्रेट शंभराच्या वर, केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) जवळजवळ नाहीच. पाणी ३१ अंश. नवं पाणी दोन ठिकाणचं मिळेल: शाळेची विहीर (पीएच ६.५, केएच १) किंवा नळ (पीएच ७.६, केएच ५). सगळं पाणी काढून टँक घासून धुवावा असं इथल्या बहुतेकांचं म्हणणं आहे. करू का?

खाजण_७२:
अजिबात नको. गढूळ पाण्यात तगलेले मासे स्वच्छ पाण्यात दुसऱ्या दिवशी मरतात ते याच धुण्यामुळे.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते केएच खाऊन टाकतं. केएच संपला की पीएच घसरतो, आणि सहाच्या खाली हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. म्हणून तुमचा नायट्राइट शून्य आहे आणि अमोनिया साठलाय. मासे अजून जिवंत आहेत, कारण एवढ्या आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नाही. पीएच एक अंकाने चढला की विषारी भाग सुमारे दहापट होतो. ५.८ वरून थेट ७.६ च्या नळाच्या पाण्यात गेलात तर तोच २ अमोनिया साधारण साठपट घातक होईल आणि कल्ले जळतील. शिवाय नायट्रेट आणि इतर क्षार एकदम उतरल्याचा धक्का वेगळाच.

म्हणून सुरुवात विहिरीच्या पाण्याने. जांभ्यातलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते इथे पथ्यावर पडतं. रोज १३ लिटर, म्हणजे एक बादली, काढायची आणि तेवढंच पाणी तासाभरात बारीक धारेने सोडायचं. सलाईनची नळी यासाठी उत्तम. रोज दहा टक्के बदललं तर आठवड्यात जुनं पाणी निम्म्यावर येतं, दोन आठवड्यांत पाव उरतं. पीएच दिवसाला ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नका. चढलाच तर दुसऱ्या दिवशी अर्धीच बादली.

खडी एका दिवशी चौथ्या हिश्शाहून जास्त सायफन करू नका आणि हाताने उकरू तर नकाच. काळ्या गाळाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर आत हायड्रोजन सल्फाइड आहे. सायफनची नळी गाळात हळू रोवून तिथल्या तिथे ओढून घ्यायचं. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही जातील.

तिसऱ्या_मुळे:
वर सांगितलंय ते बरोबर, पण केएच भरून काढल्याशिवाय हे गाडं पुन्हा तिथेच येईल. फक्त वेळ चुकवू नका. अमोनिया ०.५ च्या खाली आल्याशिवाय सोडा नको. त्यानंतर रोजच्या १३ लिटरच्या बादलीत पाव चहाचा चमचा खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) विरघळवून घाला. सव्वा ते दीड ग्रॅम होतो. बादलीचा केएच तीन-चारने वाढतो, टँकचा जेमतेम ०.४ ने. टँकचा केएच ४ झाला की थांबा. पुढे टिकवायला तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या रिकाम्या शिंपल्या घासून, उकळून, मूठभर जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ टांगा. पाणी आम्लधर्मी होईल तशा त्या विरघळतात आणि पीएच सातच्या वर गेला की जवळपास थांबतात. आपल्याकडे फुकटात याहून चांगलं काही नाही.

मीठही लागेल. पीएच वर आला की जिवाणू जागे होतात आणि मधल्या काळात नायट्राइट चढतो. तो कल्ल्यांतून रक्तात जातो आणि मासा भरपूर हवेतही धापा टाकतो. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतो. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १३० ग्रॅम, तीन दिवसांत विभागून आणि विरघळवूनच. खडेमीठ असेल तर फडक्यातून गाळा, माती असते. आयोडीनचं मीठही चालतं. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून आटलेलं पाणी साध्या पाण्याने भरायचं आणि बदललेल्या बादलीलाच १३ ग्रॅम घालायचं.

पाणसाप:
एक मुद्दा राहिला. शेपटी झिजलेला मासा त्या टँकमध्ये ठेवू नका. ४० लिटरचा टब, निम्मं पाणी टँकचंच, एक नवा स्पंज, वर जाळी. मीठ लिटरला ३ ग्रॅमपर्यंत, दोन-तीन दिवसांत चढवत. एवढं मीठ सकरला सोसेलच असं नाही, म्हणून वेगळा टब. रोज पाव पाणी बदला. बदलाचं पाणी टँकमधूनच घ्या, म्हणजे दोन्हीकडचा पीएच जुळत राहील, आणि त्यात मीठ विसरू नका. मिथिलीन ब्लू (माशांसाठीचं निळं औषध) वापरायचं तर याच टबात. मुख्य टँकमध्ये पडलं तर फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉनचे सांधे निळे करतं. आणि माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकण्याचा जो सल्ला दुकानांतून मिळतो तो विसरा. झिजणं बहुधा घाणेरड्या पाण्याचं आहे, पाणी सुधारलं की थांबतं.

खाण्याचं म्हणाल तर पहिले दोन दिवस काही नको. मग दिवसाआड, मिनिटभरात संपेल एवढंच. पाठ बसलेल्या माशाला भरवून गुटगुटीत करायची घाई झाली की अमोनिया परत वर. उकडून साल काढलेला मटार दोघांत एक पुरे. सुका जवळा तूर्त नको, जास्त प्रथिनं म्हणजे जास्त अमोनिया.

गजालीवालो:
ह्यां सगळां बरोबर, पण विहिरीच्या पाण्याक हात लावच्या आधी ग्रामपंचायतीक विचारा. पावसाच्या तोंडाक विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकतत. त्या दिवशीचा पाणी भरलात तर मासो मरतलो. बादली उघडी ठेवून रात्रभर एअर स्टोन (पंपाचो बुडबुडे सोडणारो दगड) सोडा, नाय तर क्लोरीन मारूक सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार खडे टाका.

कातळसडा:
सगळ्यांचे आभार. तसंच करतोय. आता पीएच ६.५, अमोनिया ०.५ च्या किंचित खाली, नायट्राइट ०.२५. पर उघडलेत. पण दोन माशांच्या परांच्या कडांवर आणि पोटावर काळे डाग आलेत, आधी नव्हते. बुरशी आहे का? आणि ३१ अंशांचं काय करू?

खाजण_७२:
बुरशी पांढरी, कापसासारखी असते. सपाट काळे डाग म्हणजे अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येतेय. गोल्डफिशमध्ये हे नेहमीचं आहे, काही आठवड्यांत फिके पडतात. औषध नको. मात्र अमोनिया शून्यावर आल्यावरही नवे डाग येत राहिले तर किटची मुदत बघा.

नायट्राइट दिसायला लागला म्हणजे जिवाणू कामाला लागले. आता सोडा सुरू करा, मीठ तसंच ठेवा आणि खाद्य वाढवू नका. नायट्राइट १ च्या वर गेला तर एका दिवसात दोन बादल्या.

तापमानासाठी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्या दमट हवेत एक-दोन अंशच उतरेल, तरी करा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून दुसरा एअर स्टोन पंख्यापेक्षा महत्त्वाचा. बर्फ टाकू नका.

पाणसाप:
पाऊस सुरू झाला की वीज जाणार, त्याची सोय आत्ताच करा. बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, किंवा साधा पंप शाळेच्या इन्व्हर्टरवर घ्या. पाचेक वॅटचाच असतो. पुढे बंद डब्याचा फिल्टर बसवलात तर काही तास वीज गेल्यावर तो तसाच चालू करू नका. आतलं कुजलेलं पाणी आधी मोरीत ओता, स्पंज टँकच्या पाण्यात पिळा, मग बटण दाबा.