थायलंडच्या भिक्खूंच्या हाती पैसा असावा का?

पिंपळपान (धागाकर्ता)

2025 च्या मे महिन्यात नाखोन पाथोम प्रांतातल्या वाट राय खिंग या नावाजलेल्या विहाराच्या प्रमुखांना विहाराचा पैसा वळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार.) जुलैत दुसरं प्रकरण निघालं: एका महिलेशी संबंध, तिच्याकडे गेलेला पैसा, आणि एकामागून एक चीवर उतरवणारे, म्हणजे भिक्खूपद सोडणारे, वरिष्ठ भिक्खू. तेव्हापासून आपल्याकडेही ‘थायलंडचा संघ (भिक्खूसमुदाय) बिघडला’ असं सर्रास बोललं जातं. माझ्या मते या सगळ्याची सुरुवात एका पाकिटापासून होते. भिक्खूच्या हातात थेट दिल्या जाणाऱ्या पाकिटापासून.

पातिमोक्खाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीच्या, 227 नियमांत निस्सग्गिय पाचित्तियचा (ज्यात घेतलेली वस्तू सोडून द्यावी लागते त्या वर्गाचा) 18 वा नियम स्पष्ट आहे. भिक्खूने सोनं-रुपं स्वतः घेऊ नये, दुसऱ्याकरवी घेववू नये, आपल्यासाठी कुणी ठेवलं तर त्याला संमती देऊ नये. नोटा आणि नाणी त्यातच आली. नियम मोडला तर पुढे काय करायचं, तेही विनयात (भिक्खूंच्या शिस्तीच्या ग्रंथांत) सांगितलं आहे. ती रक्कम संघासमोर टाकायची आणि दोष कबूल करायचा. एखादा उपासक तिथे आला तर त्याला ‘हे पाहा’ म्हणायचं. त्याने काय आणू विचारलं तर ‘याचं अमुक आण’ असं सांगायचं नाही, तूप, तेल, मध, गूळ चालतो एवढंच सांगायचं. त्याने ते आणलं तर सगळ्यांनी खावं, दोषी भिक्खूने मात्र खाऊ नये. उपासक नसेल, तर पाच गुण असलेला एक भिक्खू नेमायचा आणि त्याने तो पैसा कुठे पडला याची खूण न ठेवता फेकून द्यायचा. खूण ठेवली तर त्यालाही दोष लागतो. पैशाचा मोह परत फिरून येऊ नये, याचा इतका बारीक विचार दुसऱ्या कुठल्या नियमावलीत मला तरी दिसलेला नाही.

मग भिक्खूने जगायचं कसं? त्याचं उत्तर त्याच वर्गातल्या 10 व्या नियमात आहे. दात्याने पैसा वेय्यावच्चकराकडे, म्हणजे विहाराचं काम पाहणाऱ्या गृहस्थाकडे द्यायचा. भिक्खूने त्याच्याकडे जाऊन ‘चीवराची गरज आहे’ एवढं तीन वेळा सांगावं, मिळालं नाही तर सहा वेळा नुसतं गप्प उभं राहावं. तरी मिळालं नाही तर दात्याला कळवावं की तुमचा पैसा कामी आला नाही, तो परत घ्या.

थायलंडमध्ये ही पद्धत अजून कागदावर आहे. तिला ‘पवारणा’ची चिठ्ठी म्हणतात. ‘इतक्या बाताचे (बात हे थाई चलन) चार प्रत्यय (गरजेच्या वस्तू) अर्पण करतो, चीवर, भोजन, निवास, औषध यांपैकी जे लागेल ते वेय्यावच्चकराकडे मागावे’ असा मजकूर, खाली रक्कम. चिठ्ठी भिक्खूला, पैसा कारभाऱ्याला. पण आज चिठ्ठी आणि नोटा एकाच पाकिटात घालून भिक्खूच्या हातात ठेवल्या जातात. नियम पाळल्याचं समाधान दात्याला मिळतं आणि नियम तिथल्या तिथे मोडला जातो.

म्हणून माझी भूमिका: घरच्या मंगलपाठाला पाच-सात-नऊ भिक्खू आले तरी पाकीट कुणाच्याही हातात जाऊ नये. पैसा फक्त विहाराच्या नावाच्या बँक खात्यात जावा. वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड विहारात लावू देऊ नये. इतरांना काय वाटतं?

ओढ्याकाठी

धागाकर्त्यांनी विनय अचूक मांडला आहे, पण तो वनविहारांत चालतो, बँकॉकमध्ये नाही.

वनपरंपरेतले गुरू आजान चा यांनी 1954 मध्ये उबोन रात्चाथानीत वाट नोंग पा पोंग उभारलं. त्या परंपरेत भिक्खू पैशाला हात लावत नाहीत, हे खरं आहे. पण तिथे विहार गावाला लागून आहे. सकाळी अनवाणी पिंडपाताला (भिक्षेला) निघालं की चिकट भाताच्या मुठी पात्रात पडतात, औषध लागलं तर गावकरी आणून देतात, दवाखान्यात जायचं तर कुणाची तरी पिकअप गाडी तयार असते. पैशाविना राहणं हे तिथे एकट्या भिक्खूचं तप नसून अख्ख्या गावाने उचललेला भार आहे.

आता इसानमधून (ईशान्य थायलंडमधून) शिकायला आलेला श्रामणेर, म्हणजे पूर्ण दीक्षा न झालेला शिकाऊ भिक्खू, डोळ्यांपुढे आणा. महाचुलालोंगकॉर्न या भिक्खूंच्या विद्यापीठाचं मुख्य संकुल अयुथ्या प्रांतात वांग नोईला आहे. बँकॉकच्या एखाद्या विहाराने त्याला कुटीत जागा दिली, तरी रोजचा प्रवास, शुल्क, पुस्तकं, फोनचा रिचार्ज हे सगळं कोण पाहणार? त्या विहाराचा कारभारी शेकडो जणांचा हिशेब बघतो. या मुलाने तीनदा सांगायचं, सहादा गप्प उभं राहायचं, आणि तोवर परीक्षा होऊन जायची?

शिवाय शासन स्वतःच संघातली मानाची पदवी असलेल्या भिक्खूंना दरमहा ‘नित्यभत्त’ देतं. हा सरकारी भत्ता आहे. ज्या देशात शासनच भिक्खूला पैसा देतं, तिथे साध्या भिक्खूने उपाध्यायांच्या (दीक्षा देणाऱ्या गुरूंच्या) अंत्यविधीला जायला बसचं भाडं खिशात ठेवलं म्हणून त्याला दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. धम्मयुत निकाय हा थाई संघातला छोटा पंथ याबाबत कडक आहे, पण देशातले बहुसंख्य भिक्खू महानिकाय या मोठ्या पंथाचे आहेत. त्यांची परिस्थिती बघूनच बोलायला हवं.

कलम_पाहणारा

तुम्हा दोघांचंही लक्ष भिक्खूच्या झोळीवर आहे. कोट्यवधी बात झोळीतून जात नाहीत, ते विहारप्रमुखाच्या सहीने जातात.

1962 च्या संघ कायद्याप्रमाणे विहाराची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार विहारप्रमुखाकडे आहे. वेय्यावच्चकर निवडतो तोच, पैसे काढायला सांगतो तोच, हिशेब बघतोही तोच. धागाकर्ते ज्या कारभाऱ्यावर सगळा भरवसा टाकत आहेत, तो कारभारी प्रमुखाच्याच मर्जीतला असतो. पैसा भिक्खूच्या हातातून काढून त्याच्या हातात दिला, तर जागा बदलते, धोका तोच राहतो.

कायद्यात कडकपणा नाही असं नाही. याच कायद्याच्या कलम 45 नुसार प्रशासकीय पदावरचे भिक्खू आणि वेय्यावच्चकर हे फौजदारी कायद्यापुरते शासकीय अधिकारी धरले जातात. म्हणून अपहाराला दंडसंहितेचं कलम 147 लागतं: 5 ते 20 वर्षं कैद, किंवा जन्मठेप. शिक्षा जबर आहे, पण ती गुन्हा झाल्यावर. गुन्हा होण्याआधी वह्या कोण उघडतो, हा खरा प्रश्न आहे. देशात 40 हजारांहून अधिक विहार आहेत. बाहेरच्या लेखापरीक्षकाने दरवर्षी त्यांतल्या मोठ्या विहारांचे तरी हिशेब तपासावेत आणि विहाराच्या फलकावर लावावेत. खात्यावर दोन सह्या हव्यात, त्यांतली एक प्रमुखाने न निवडलेल्या माणसाची.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नागरी संहितेचं कलम 1623 सांगतं की भिक्खूपणात मिळवलेली मालमत्ता मृत्यूनंतर त्याच्या विहाराची होते, जर त्याने हयातीत ती दुसऱ्याला दिली नसेल किंवा मृत्युपत्र केलं नसेल तर. हे ‘जर’ फार मोठं आहे. वैयक्तिक नावावर पैसा साठवला आणि मृत्युपत्र केलं, की दात्यांनी संघाला म्हणून दिलेलं दान भाच्या-पुतण्यांकडे जाऊ शकतं. हे एक कलम बदललं तरी साठवण्यामागचं कारणच निम्मं गळून पडेल.

पिंपळपान

कलम 1623 चा मुद्दा मान्य, आणि दोन सह्यांचाही. पण शिक्षेची चर्चा फक्त दंडसंहितेपर्यंत थांबू नये. विनयात चोरी हा दुसरा पाराजिक (सर्वात गंभीर दोष) आहे. पाच मासक (प्राचीन नाणं) किमतीची वस्तू चोरली की त्या क्षणी भिक्खूपण संपतं. कोर्टाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही. अपहार करणारा भिक्खू चीवरात दिसत असला तरी भिक्खू उरलेला नसतो. म्हणूनच मी झोळीतल्या पहिल्या नोटेवर अडून बसतो. पाराजिकापर्यंत जाणारी पायरी तीच आहे.

कलम_पाहणारा

पटलं, पण त्याची दुसरी बाजूही बघा. संघ कायद्याची कलमं 29 आणि 30 अशी आहेत की भिक्खूला अटक झाली, जामीन मिळाला नाही आणि विहाराने ताबा घेतला नाही, तर खटला चालण्याआधीच त्याचं चीवर उतरवलं जाऊ शकतं. विनयाप्रमाणे चीवर सोडायचं तर भिक्खूने स्वतःच्या मनाने, समजणाऱ्या माणसासमोर ‘सिक्खं पच्चक्खामि’ (मी शिक्षापदं सोडतो) म्हणायला हवं. जबरदस्तीने कपडे बदलले तर तो भिक्खू राहिला की नाही? विहारांच्या पैशाच्या अपहारावरून पडलेल्या 2018 च्या धाडींनंतर थायलंडमध्ये नेमका हाच वाद झाला होता. पुढे निर्दोष सुटला तर त्याचे वर्षावास (विहारात राहून काढलेले पावसाळे) मोजायचे कसे? तिथे वर्षावासांवरच ज्येष्ठता ठरते, कोण कुणाला वंदन करणार तेही ठरतं.

दुर्वांकुर

सगळे घेणाऱ्याबद्दल बोलत आहेत. मी देणाऱ्याबद्दल बोलते.

थायलंडमध्ये संघदानाची, म्हणजे संघाला द्यायच्या वस्तूंची, पिवळी बादली दुकानात तयार मिळते. वर पारदर्शक कागद, आत साबणाची पूड, चहा, बिस्किटं, टूथपेस्ट, एक पातळ चीवर. वरून भरगच्च दिसावी म्हणून तळाशी पुठ्ठा किंवा कागदाचे बोळे. साबण आणि तांदूळ शेजारी ठेवल्याने तांदळाला साबणाचा वास लागतो आणि तो भात कुणीच खाऊ शकत नाही. चीवर इतकं आखूड की अंगभर येत नाही. मुदत संपलेला माल घुसडला जातो म्हणून अखेर या बादल्यांवर आतल्या वस्तूंची यादी आणि मुदत छापण्याची सक्ती करावी लागली.

अशा बादल्यांनी कोठारं भरली की काही विहारांत त्याच बादल्या पुन्हा मांडून ठेवतात. भाविक पेटीत पैसे टाकतो, बादली उचलतो, भिक्खूला देतो, आशीर्वाद घेतो, बादली परत मूळ जागी. दान म्हणून उरतो फक्त पेटीतला पैसा. ओढ्याकाठी यांना मी म्हणेन, त्या श्रामणेराला बसचं भाडं मिळत नाही याचं कारण दारिद्र्य नाही. दाता त्याची गरज विचारतच नाही. रेझर, पाते, जखमेवरचं औषध, डोळ्यांचा चष्मा, दातांचा डॉक्टर यांची खरी गरज असते.

जेवणाचंही तसंच. दुपारी बारानंतर घन आहार बंद, म्हणून संध्याकाळी गोड पेयं दिली जातात. सकाळी पात्रात तळलेलं आणि नारळाच्या दुधातलं पडतं, ते नाकारता येत नाही. भिक्खूंमध्ये मधुमेह आणि स्थूलपणा इतका वाढला की 2017 मध्ये संघासाठी राष्ट्रीय आरोग्य सनद करावी लागली. पुण्य मिळावं म्हणून आपण समोरच्याला आजारी पाडतो आहोत, हे दात्यांनी मनावर घ्यायला हवं. आपल्याकडे वर्षावासात भन्तेंना भोजनदान देणाऱ्यांनाही हे लागू आहे. साखर कमी घाला, भाजी जास्त वाढा, पाकीट द्यायचंच तर विहाराच्या समितीकडे पावती घेऊन द्या.

ओवी_नागपूर

कारभारी कोण असावा यावर एवढी चर्चा झाली, पण मे-ची कुणालाच आठवल्या नाहीत.

थायलंडमध्ये पांढऱ्या वस्त्रातल्या, मुंडन केलेल्या, अष्टशील पाळणाऱ्या स्त्रियांना मे-ची म्हणतात. सोनं-रुपं न घेण्याचं शील श्रामणेराच्या दहा शीलांतलं शेवटचं आहे, आठांत ते नाही. म्हणून मे-ची पैसा हाताळू शकतात. अनेक विहारांत स्वयंपाकघरापासून देणगीच्या पावत्यांपर्यंतचं काम त्याच करतात. त्यांना संघ कायद्यात स्थान नाही, त्यामुळे भत्ता नाही, अधिकारपद नाही. 1928 च्या संघराजांच्या (थाई संघाच्या सर्वोच्च प्रमुखांच्या) आदेशाने भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्याची मनाई झाली, ती अजून उठलेली नाही. म्हणून तिथल्या स्त्रिया श्रीलंकेत जाऊन उपसंपदा (भिक्खुनीची पूर्ण दीक्षा) घेतात. धम्मनंदा भिक्खुनींनी 2003 मध्ये तशीच घेतली.

हिशेबाच्या खात्यावर दुसरी सही हवी असं वर म्हटलं आहे. ती सही वर्षानुवर्षं विहारात राहणाऱ्या मे-चीची का नको? तिला विहाराची प्रत्येक गरज ठाऊक असते. पण मग तिला अधिकारही द्या, नुसतं काम नको.

ओढ्याकाठी

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो: वैयक्तिक खात्यांचे क्यूआर कोड बंद व्हावेत, हे मान्य. पण पैसा काढून घेण्याआधी पर्याय उभा करा. विहाराने विद्यार्थी भिक्खूंचं शुल्क थेट विद्यापीठात भरावं. तिकीट कारभाऱ्याने किंवा मे-चीने काढून द्यावं. आजारपणासाठी बँकॉकला भिक्खूंचं सरकारी रुग्णालय आहेच, पण प्रांतातल्या भिक्खूला तिथवर पोचवणारा माणूस आणि गाडी नावानिशी ठरलेली असावी. क्रम उलटा झाला, तर विहारप्रमुख सुटतील आणि उपाशी राहील तो श्रामणेर.

पिंपळपान

क्रम मान्य. फक्त एक भर: तिकीट काढून देणाऱ्याने उरलेली सुटी नाणी मुलाच्या हातात ठेवू नयेत. पुढच्या वेळेसाठी आपल्याकडेच ठेवावीत आणि वहीत नोंदवावीत.