मदत हवी आहे: शिळावर्तुळांचे कोन जुळत नाहीत, रविवारी निबंध वाचायचा आहे

काटोलनाका
नमस्कार. आमच्या हौशी इतिहास गटासाठी शिळावर्तुळांवर, म्हणजे महापाषाण काळातल्या दगडांच्या गोल मांडणीवर, निबंध लिहितोय. मोजमापं झाली, फोटो झाले, प्रस्तावना तयार आहे. अडलंय ते तक्त्यात. खळगे कोरलेला दगड वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशेला आहे, ते आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं. एकाच दगडाचा कोन माझ्या मित्राचा १०४ अंश, माझा ११९. कोणता धरू? सरासरी चालेल का? रविवारी वाचन आहे, कृपया लवकर सांगा.

निवृत्त_सर्वेअर
जागा कोणती? कंपास कोणता? मोजताना तो कुठे ठेवला होता? वर्तुळाचा मध्य कसा काढला? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. सरासरी मात्र काढू नका. १५ अंशांचा फरक हात हलल्याने पडत नाही.

प्राध्यापक_वर्धारोड
निबंध कुठे छापणार त्यावर सगळं अवलंबून आहे. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता नियतकालिक निवडताना स्वतःच चौकशी करावी लागते. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून दूर राहा. आणि वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आधीच काढून ठेवा.

काटोलनाका
सर, छापायचा नाहीये. गटातच वाचायचा आहे, वीस-पंचवीस लोक असतात. जागा जुनापाणी, नागपूरजवळ काटोल रोडवरची. कंपास मोबाइलमधला. मित्राकडे ट्रेकिंगचा छोटा आहे. आता सांगा, १०४ की ११९?

पाटणसावंगी
काऊन एवढी घाई करून राहिले भाऊ? निवृत्त भाऊंनी विचारलं ना, कंपास ठेवला कुठी? ते तर सांगितलंच नाही तुम्ही.

काटोलनाका
मित्राने खळग्यांच्या दगडावर ठेवला आणि मध्याकडे पाहून उलटा कोन घेतला. मी मध्यावर उभा राहून हातात धरला. यात काय बिघडलं?

निवृत्त_सर्वेअर
तिथेच बिघडलं. जुनापाणीचे ते काळे दगड ट्रॅपचे, म्हणजे बेसाल्टचे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि काही दगड तर चांगलेच चुंबकीय निघतात. त्यावर कंपास ठेवला की सुई उत्तर सोडून दगडाचं ऐकते. सर्वेत आम्ही याला लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणतो. तुमचा ११९ जास्त विश्वासाचा, पण तोही पक्का नाही, कारण खालची जमीनही ट्रॅपचीच आणि मोबाइलच्या स्पीकरमध्ये स्वतःचं चुंबक असतं.

असं करा. खळग्यांचा दगड आणि मध्य जोडणारी दोरी वर्तुळाबाहेर दोन्ही बाजूंना लांब ताणा. दगडांपासून दूर, दोरीच्या एका टोकाला प्रिझमॅटिक कंपास स्टँडवर लावून दुसऱ्या टोकाचा कोन घ्या. मग टोकं बदलून परत घ्या. फोर बेअरिंग (पहिला कोन) आणि बॅक बेअरिंग (टोकं बदलून घेतलेला) यांत बरोबर १८० चा फरक आला तर आकडा खरा. खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं लांब ठेवा. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक नागपुरात एका अंशाच्या आत आहे, त्याची काळजी नको.

खगोलछंदी
कंपासच कशाला? सावलीने काढा. खुंटी उभी करा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक जिथे वर्तुळात शिरतं तिथे खूण, दुपारनंतर जिथून बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पश्चिम-पूर्व रेषा मिळाली. कात्यायन शुल्बसूत्रात हीच रीत आहे. मॅग्नेटाइटचा प्रश्नच उरत नाही. फक्त 'बारा वाजता सावली उत्तरेला' असं धरू नका. आपली वेळ ८२.५ रेखांशाची आणि नागपूर ७९.१ वर, म्हणून इथला मध्यान्ह सरासरी चौदा मिनिटं उशिरा येतो, ऋतूप्रमाणे आणखी मागेपुढे.

निवृत्त_सर्वेअर
रीत बरोबर आहे, पण ढग आला की दिवस गेला. प्रिझमॅटिकने अर्ध्या तासात होतं.

खगोलछंदी
अर्ध्या तासात चुकीचं उत्तर मिळालं तर उपयोग काय? तुम्हीच म्हणालात, जमीनही ट्रॅपची.

निवृत्त_सर्वेअर
म्हणूनच बॅक बेअरिंग सांगितलं. चूक असेल तर ती लगेच दिसते. तुमच्या खुंटीत ती दिसत नाही, खुंटी तिरकी असली तरी कळत नाही.

वारसा_जपा
खुंटी-बिंटी काही रोवू नका! जुनापाणीची वर्तुळं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती वाचा. परवानगीशिवाय खणता येत नाही. दगडांवर खडूने नंबर घालणंही नको, फोटोवर घाला. खापरं दिसली तरी उचलायची नाहीत. जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला फारसं कामाचं राहत नाही.

खगोलछंदी
मान्य. मग पाटावर खिळा उभा करा, पाट पाणसळीने सपाट करा आणि वर्तुळाबाहेर ठेवा. लोखंडी खिळाही चालतो, सावलीला काय फरक पडतो. खिळा सरळ आहे का ते ओळंब्याने बघा, म्हणजे निवृत्त साहेबांची शंका मिटेल.

मिहान_मुक्काम
जुनापाणीपेक्षा माहुरझरी घ्या. मण्यांचा उद्योग, तांब्याचे अलंकार घातलेल्या घोड्यांचे सांगाडे, लिहायला कितीतरी आहे. नाहीतर नायकुंड, तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली. १९७० च्या दशकात शां. भा. देव यांनी विदर्भात केलेलं काम फार मोठं आहे.

काटोलनाका
विषय बदलायला वेळ नाही हो. निबंधाचा मुद्दा असा की खळग्यांचे दगड सूर्योदयाची दिशा दाखवतात. म्हणून मला १०४ बरा वाटतो.

खगोलछंदी
थांबा. नागपूरच्या अक्षांशावर वर्षभरात सूर्योदय साधारण ६५ ते ११५ अंशांतच होतो. म्हणजे १०४ आत आणि ११९ बाहेर. तुमचा अख्खा मुद्दा या एका आकड्यावर उभा आहे, आणि सरासरी १११.५ काढली असती तर तीही आत बसली असती. दगडावर ठेवलेल्या कंपासचा आकडा केवळ मुद्द्याला सोयीचा म्हणून धरू नका. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळग्यांच्या दिशा अभ्यासल्या आहेत, तेही आधी बघा.

पाटणसावंगी
आणि एका दगडावर सूर्य नाही ठरत भाऊ. तिथं तीनशेच्या आसपास वर्तुळं हायेत म्हणतात. खळग्यांचे दगड कोणत्या कोणत्या वर्तुळांत हायेत, कुठी नाहीत, दोन्ही लिहा.

काटोलनाका
हे कळलं. शनिवारी परत जातो. जुने संदर्भ कोणते द्यायचे तेही सांगा.

मिहान_मुक्काम
रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये जुनापाणीला खोदलं, त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ मध्ये आला. मग बी. के. थापर यांचं १९६१-६२ चं उत्खनन, ते पुरातत्त्व खात्याच्या वार्षिक आढाव्यात मिळेल. पुढचं विषयांतर आहे, पण लिहितोच. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटच्या वर्तुळांकडून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून, तेच. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले.

प्राध्यापक_वर्धारोड
संदर्भ देताना स्कॅन केलेल्या पानाचा नव्हे, मूळ पुस्तकाचा पृष्ठक्रमांक द्या. पीडीएफचे आणि छापील आकडे बहुधा वेगळे असतात.

काटोलनाका
आजच जाऊन आलो. प्रिझमॅटिक एका ओळखीच्यांकडून मिळाला, पण फोर आणि बॅक बेअरिंग चार अंशांनी जुळेना. मग पाट आणि खिळ्याने केलं. ढग आले, पण दोन्ही खुणा मिळाल्या. दगड ११८ वर येतो, सूर्योदयाच्या बाहेर. निबंधाचं शीर्षक बदलतोय. आता तक्त्यात १०४ आणि ११९ ठेवू की काढू?

निवृत्त_सर्वेअर
सगळे ठेवा. साधन, जागा, कोणी मोजलं, तारीख, कोन, असे रकाने करा. मी तर म्हणतो निबंधाचा निम्मा भाग यावरच लिहा, तुमच्या गटातला पुढचा माणूस दगडावर कंपास ठेवणार नाही. व्यास कसा घेतला तेही लिहा: आतल्या कडेने की बाहेरच्या, आणि एकमेकांना काटकोनात दोनदा घेतला का?

काटोलनाका
बाहेरच्या कडेने, एकदाच.

निवृत्त_सर्वेअर
मग तसंच लिहा, 'बाहेरून, एकच माप'.

खगोलछंदी
आणि पाटाचा फोटो टाका बरं इथे.