सल्ला हवा: वाई – पसरणी घाट – महाबळेश्वर – केळघर – मेढा, अकरा जणांची सायकल फेरी

पौडरोडकर

नमस्कार मंडळी. कोथरूड-पौड रस्ता भागातला आमचा अकरा जणांचा गट आहे. सर्वांत लहान २४ वर्षांचा, सर्वांत मोठे काका ६१ चे. सात रोडबाइक, चार हायब्रिड. रविवारी सकाळी बोपदेव, दिवे घाट, कात्रजचा जुना बोगदा असं आमचं चालू असतं. सिंहगड गाडीतळापर्यंत आठ जणांनी चढून झालाय, उरलेल्या तिघांनी अजून नाही. त्या तिघांत दोघीजणी याच पावसाळ्यानंतर सायकलवर आल्यात, पण नेमाने येतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वर करायचं मनात आहे. आधी वाटलं पुण्याहूनच निघावं. अंतर १२० किमीच्या आसपास, मध्ये कात्रज, खंबाटकी आणि शेवटी पसरणी. पण महामार्गावर अकरा जणांना घेऊन जायला माझा जीव धजावत नाही. विचारायचं ते असं:

पुण्याहून निघावं की वाईहून? परतायला कुठला घाट धरावा? एकाकडे जुनी रेसिंग सायकल आहे, पुढच्या चकत्यांना ५३ आणि ३९ दाते, मागे १२ ते २५. चालेल का?

आणि उतार. गेल्या वर्षी बोपदेव उतरताना आमच्यातल्या एकाचं पुढचं टायर वळणावर फुटलं. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. मी त्याच्या मागेच होतो. तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे चढापेक्षा उताराची काळजी जास्त आहे, त्यावर सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

सरळहँडल

वाईहूनच करा. पुणे-वाई महामार्ग ओळखीच्या चार-पाच तयार लोकांनी करायचा, मिश्र गटाने नाही. पुण्याहून निघालात तर पसरणीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत पायांत ८५-९० किमी आणि दोन घाट मुरलेले असतात, ऊन डोक्यावर आलेलं असतं. मग खरा सुंदर घाट आला की मंडळी मान खाली घालून नुसतं पुढचं चाक बघत चढतात. पसरणीवर हा अन्याय आहे. डावीकडे-उजवीकडे धोम धरणाचं पाणी दिसत राहतं, ते बघायला श्वास शिल्लक हवा.

सातारारोड

सायकलनेच जायची हौस असेल तर कापूरहोळला महामार्ग सोडून भोर, आंबाडे, मांढरदेव असं वाईत उतरता येतं. रस्ता देखणा, रहदारी कमी. पण मांढरदेवचा चढ खडा आहे आणि वाईकडचा उतार त्याहून खडा. सिंहगड न चढलेल्यांना घेऊन तिकडे जाऊ नका. पौष पौर्णिमेच्या आसपास यात्रा असते, त्या दिवसांत तर कोणीच जाऊ नये.

वाईचीलेक

माझं माहेर वाई. हा घाट मी शाळेपासून बघतेय आणि गेली सहा वर्षं सायकलवर चढतेय, म्हणून जरा मोठं लिहिते.

शनिवारी दुपारीच वाईत या. संध्याकाळी गणपती घाटावर कृष्णेत पाय सोडून बसा, लवकर जेवा, लवकर झोपा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तुम्ही साडेसहाला निघा. पुढे-मागे दिवे हवेतच. रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या साडेआठ-नऊपासून घाटात चढू लागतात. त्याआधी तुमचा शेवटचा माणूस पाचगणीत असला पाहिजे. सगळी आखणी या एका वेळेभोवती करा.

वाई ते पाचगणी साधारण १२ किमी. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जरा खाली. म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जवळपास. आकडा ऐकायला मवाळ आहे आणि घाटही दुष्ट नाही, एकसारखा चढतो. सिंहगडासारखे दम काढणारे टप्पे नाहीत. तुमच्या त्या दोघींना सांगा, हा घाट त्यांना जमणार आहे. फक्त पसरणी गाव (शाहीर साबळ्यांचं जन्मगाव, जाता जाता एक नमस्कार करा) मागे पडल्यावर लगेच जोर लावायचा नाही. पहिली दोन वळणं रस्ता अंगाशी येत नाही, तिथेच लोक फसतात आणि अर्ध्यात पाय टाकतात. बुवासाहेबांच्या मंदिरापाशी थांबून सगळ्यांनी एकत्र व्हा, रस्त्याच्या कडेला नाही, आत. मग थेट पाचगणी.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही: घाटात स्वच्छतागृह नाही. वाईत मुक्कामाच्या जागीच आटपून निघायचं, पुढची सोय पाचगणीतल्या हॉटेलात. त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. थंडीत तहान लागत नाही आणि मग केळघरला पायात गोळे येतात.

पाचगणी ते महाबळेश्वर १९-२० किमी. लोकांना वाटतं घाट संपला. उंचीतला फरक शंभर मीटरसुद्धा नाही, पण रस्ता सारखा वर-खाली आहे आणि हाच पट्टा जास्त दमवतो. स्ट्रॉबेरीच्या शेतांपाशी गाड्या अचानक थांबतात, दारं उघडतात. एकामागे एक चला. वेळ हाताशी असेल तर भिलारला आत वळा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, ओसरीवर बसून चहा पिता येतो.

परतीला केळघर घाटाने मेढा. आणि मेढ्याहून साताऱ्याला जाऊ नका! मेढा, कुडाळ, पाचवड असा रस्ता आहे. पाचवडला महामार्ग फक्त ओलांडायचा की वाई दहा-बारा किमी. सगळी फेरी शंभर किमीच्या आसपास होते.

पौडरोडकर

वाईची लेक, ताई, मनापासून आभार. मेढा-कुडाळ-पाचवड डोक्यातच नव्हतं, आम्ही साताऱ्यावरून महामार्गानेच यायचं धरून बसलो होतो. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे की महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावं, प्रतापगडही बघून होईल.

सातारारोड

नको. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. ४० किमीत तेराशे मीटर उतरायचं, रस्ता अरुंद, एका बाजूला खोल दरी. २०२१ च्या जुलैतल्या पावसात तो घाट पार खचला होता. आणि उतरून झाल्यावर परत यायचं कसं? प्रतापगडाला वेगळा दिवस द्या.

चाकआणिसाखळी

माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे, तेव्हा गिअर आणि ब्रेकबद्दल लिहितो.

आधी ती रेसिंग सायकल. पुढे ३९ दात्यांची चकती, मागे २५ ची म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. चढावर ताशी ९ चा वेग धरला तर मिनिटाला जेमतेम ४६ फेऱ्या. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर उभं राहिल्यासारखं होतं. तेच पुढे ३४, मागे ३२ असेल तर एका फेरीत सव्वादोन मीटर, त्याच वेगाला ६७ फेऱ्या. पाय फिरते राहतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' होणाऱ्या जुन्या मंडळींनी मोठ्या दात्यांवरच घाट मारले हे खरं, पण ते रोज तेवढंच करत होते. तुमच्या मित्राला मागचं कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, बदलायला सांगा. जुन्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ बसत नसेल तर निदान २८, आणि साखळीची लांबी त्याच वेळी तपासून घ्या. हायब्रिडवाल्यांना पुढे तीन चकत्या असतील तर काही चिंता नाही, सर्वांत धाकटी चकती लाजू नका, वापरा.

आता एक गोष्ट जी पुण्याहून सायकली टेम्पोत घालून नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. छोट्या हत्तीत सायकली रचताना एकीचं ओझं दुसरीच्या डिरेलरवर पडतं. हँगर, म्हणजे डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो ती, थोडासा आत वाकतो, नजरेला दिसत नाही. सपाटीवर सगळं ठीक चालतं. घाटात पहिल्यांदा मागे सर्वांत मोठ्या दात्यावर टाकलं की डिरेलरचा पिंजरा आरांत जातो. एकदा खट्ट आवाज, आणि हँगर, डिरेलर, तीन-चार आरे सगळं एका क्षणात. माझ्याकडे अशी सायकल दर हिवाळ्यात येते. म्हणून गिअरची बाजू वर, दोन सायकलींमध्ये पुठ्ठा किंवा जुनी गोधडी, पुढचं चाक काढून वेगळं बांधा. वाईत उतरवल्यावर शनिवारी संध्याकाळीच प्रत्येक सायकल उचलून धरा, हाताने पायडल फिरवत सर्वांत मोठ्या दात्यावर न्या आणि मागून बघा. पिंजरा आणि आरे यांत फट दिसली पाहिजे. प्रत्येक सायकलच्या हँगरचा आकार वेगळा असतो, ज्याने त्याने आपला एक जास्तीचा बरोबर ठेवावा.

टायरचं. तुमच्या मित्राचं टायर का फुटलं ते न बघता सांगणं योग्य नाही, पण एक विचारतो: ट्यूबला ठिगळ होतं का? रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर सतत ब्रेक धरल्याने रिम तापते, इतकी की बोट टेकवत नाही. त्या उष्णतेने ठिगळाचा डिंक सुटतो. घाटाच्या दिवशी दोन्ही चाकांत कोऱ्या ट्यूब घाला, ठिगळाच्या ट्यूब बोपदेवला वापरू नका, दिवे घाटालाही नाही. २८ मिमीचं टायर असेल तर हवा ७०-८० पीएसआय पुरे, १०० भरायची गरज नाही. कार्बन रिमवर रबरी ब्रेक असलेली कोणाची सायकल असेल तर त्याने केळघरला साधी अॅल्युमिनियमची चाकं लावून यावं. डिस्क ब्रेक असतील तर पॅडची जाडी बघून घ्या.

पौडरोडकर

होतं. ठिगळ होतं. वाल्वजवळच. आणि तो पूर्ण उतार ब्रेक धरूनच उतरला होता, मी मागून बघत होतो, करपल्यासारखा वास येत होता. आम्ही सगळे खड्ड्याला दोष देत होतो.

साठीनंतरचढ

माझं वय ६४. मी गटांबरोबर जातो आणि बहुधा शेवटी असतो, म्हणून शेवटून दिसणारं लिहितो. बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) केल्यात, २०० किमीला साडेतेरा तास असतात, तिथे प्रत्येक जण आपापला असतो. गटाची फेरी तशी नव्हे.

चढावर कोणाला कोणाच्या वेगाने चालायला लावू नका. पुढचे पुढे जाऊ देत. पण थांबायच्या जागा आदल्या रात्री ठरवा: मंदिर, पाचगणी बसस्थानक, वेण्णा तलाव, केळघर गाव, मेढा. आणि मागचा पोहोचला की लगेच "चला" म्हणू नका. पुढच्यांची पंधरा मिनिटं विश्रांती झालेली असते, मागच्याची शून्य. तो पोहोचल्यावर दहा मिनिटं मोजा. अकरा जणांत ही दहा मिनिटं कोणीच देत नाही आणि मग दुपारी तोच माणूस उतारावर चुकतो. त्याच्या हातांत ताकद नसते.

सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस ठेवा, तो कोणालाही ओलांडणार नाही. पंप, दोन ट्यूब, साखळीचा जोड, फोन त्याच्याकडे. तुमचे ६१ चे काका स्वतःहून तयार झाले तर त्यांनाच द्या ते काम, वय झालं म्हणून नव्हे, त्यांना रस्ता कळतो म्हणून.

उताराबद्दल. पुढे कोण जाणार ते ठरवा, त्याला कोणी मागे टाकायचं नाही. दोघांत तीस-चाळीस मीटर अंतर. हात खालच्या हँडलवर, वजन मागे. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही, जोरात आणि थोडा वेळ, मग सोडायचा. वळणात ब्रेक नाही. वळणाच्या बाहेरचा पाय खाली, त्यावर भार. नजर खड्ड्यावर नाही, वळण जिथे संपतं तिथे. नव्यांना हे वाचून जमत नाही. त्या दोघींना घेऊन कात्रजच्या जुन्या बोगद्याचा उतार तीन रविवार करा, एकेक वळण थांबून. मला माझ्या गटातल्या एका मुलीने असंच शिकवलं, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याआधी मी चाळीस वर्षं ब्रेक धरूनच उतरत होतो.

आणि महाबळेश्वर सोडण्याआधी वाऱ्याचं जॅकेट घाला, नसेल तर जर्सीच्या आत वर्तमानपत्र सरकवा. घामाने भिजलेल्या अंगावर उतारावरचा वारा लागला की बोटं बधिर होतात, ब्रेक किती दाबला ते कळत नाही.

वाईचीलेक

काकांना दुजोरा. एक राहिलं: डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कुडाळ ते पाचवड आणि वाईच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ओलांडताना दुसरी ट्रॉली लक्षात ठेवा, ती वळणावर आत येते. रस्त्यावर पडलेल्या पाचटावरून चाक सटकतं, ओलं असेल तर फारच. आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, म्हणून सूर्य मावळायच्या आत वाईत.

खायचं म्हणाल तर निघताना केळं आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू, मिसळ नाही. मिसळ पाचगणीत, तीही अर्धी. जेवण मेढ्यात पिठलं-भाकरी.

पौडरोडकर

ठरलं. शनिवारी दुपारी वाई, दोन छोटे हत्ती, गोधड्या गोळा करायचं काम माझ्याकडे. कॅसेट २८ चं मागवलं. काकांनी शेवटी राहायला होकार दिला आणि लगेच पंप बदलायला घेतला. कॉलरबोनवाला मित्र हे सगळं वाचून म्हणाला की कोऱ्या ट्यूब सगळ्यांना तोच आणणार, बावीस. कात्रजचा उतार या रविवारपासून, सकाळी सहा, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी. इथलं कोणी येणार असेल तर कळवा.

साठीनंतरचढ

मी येतो. साडेसहा होतील मला.

पौडरोडकर

काका, तुम्ही आल्यावर दहा मिनिटं मोजू.