खुकरीच्या कॅप्टन मुल्लांनी जहाज का सोडलं नाही?

समुद्रवेडी:
मागच्या महिन्यात दीवला गेलो होतो. चक्रतीर्थ बीचजवळ खुकरीचं स्मारक आहे, म्हणजे १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आपल्या नेव्हीच्या जहाजाचं, कॅप्टन मुल्ला त्याच्यासोबतच गेले, काचेच्या खोलीत जहाजाचं मॉडेल ठेवलंय. मुलगा नववीत आहे, तो बराच वेळ तिथेच उभा आणि मग म्हणाला आई, कॅप्टनला पोहता येत नव्हतं का? मी म्हटलं अरे नेव्हीतला माणूस, येत असणारच. मग उडी का नाही मारली? मला उत्तरच देता आलं नाही. कॅप्टनने जहाजासोबत बुडायचं असा काही नियम असतो का? कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज लिहा, त्याला "ते शूर होते" एवढंच सांगून गप्प करायचं नाहीये मला.

सोनारवाला:
ताई, नियम नाही. मी १५ वर्षं नेव्हीत होतो, सोनारवरच (आवाज सोडून पाण्याखालची पाणबुडी शोधायचं यंत्र), असा आदेश कुठेच नाही. कॅप्टनने आधी माणसं बाहेर काढायची आणि स्वतःचा नंबर शेवटचा ठेवायचा, परंपरा म्हणतात ती एवढीच. खुकरीवर तो शेवटचा नंबर यायला वेळच मिळाला नाही.

९ डिसेंबर १९७१ ची रात्र. खुकरी आणि कृपाण अशा दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या. त्यांच्या स्क्वॉड्रनमधली, म्हणजे तुकडीतली तिसरी, कुठार, बॉयलर बिघडल्यामुळे मुंबईतच राहिली. खाली होती ती पाणबुडी, हंगोर, फ्रेंच बनावटीची, डॅफ्ने नावाच्या प्रकारातली, तेव्हा बऱ्यापैकी नवी. आपल्या समुद्रात वरचं पाणी गरम आणि खालचं गार असतं, त्यामुळे सोनारचा आवाज सरळ न जाता खाली वाकतो, पाणबुडी त्या थराखाली जाऊन बसली की तुम्हाला ती सापडत नाही आणि तिला मात्र तुमच्या जहाजाच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) आवाज लांबून ऐकू येतो. त्यात खुकरीवर सोनारची रेंज वाढवायचं एक नवीन उपकरण तपासत होते आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीने सोडलेला पहिला टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारा स्फोटक बाण) कृपाणच्या खालून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. रात्री पावणेनऊच्या सुमारास, आणि मिनिटा-दोन मिनिटांत जहाज पाण्याखाली.

तर्कट:
सोनारवाला, माहिती चांगली आहे पण एक स्पष्ट बोलतो, कुणी रागावू नका. पाणबुडी आसपास आहे हे माहीत असताना इतकं हळू आणि सरळ चालणं हे आधीच धोक्याचं होतं ना? मग १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले त्याचा हिशोब कुणी विचारायचाच नाही का? मुल्लांना महावीर चक्र दिलं की सगळे प्रश्न बंद होतात, हे मला पटत नाही.

सोनारवाला:
रागावण्यासारखं काही नाही, हा वाद आमच्या मेसमध्येही व्हायचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर हळू जाणं चूकच होती. पण जुन्या फ्रिगेट त्या पाणबुडीसमोर पाठवायच्या हे ठरलं होतं वरिष्ठांकडे, ब्रिजवर (जिथून कॅप्टन जहाज चालवतो) नाही. सोनार कमी पल्ल्याचा, पाणबुडी त्याच्या बाहेरून मारू शकते, आणि तरी जा म्हटलं की जायचं. मुल्लांनाही हे कळत असणारच. जन्म १९२६ चा, गोरखपूरचे, म्हणजे तेव्हा ४५ वर्षांचे, आणि १९४८ पासून अधिकारी. नवखे नव्हते हो. चूक झाली असेल तरी त्यानंतर ते जे वागले ते खोटं होत नाही, दोन्ही एकाच माणसाचं आहे.

किनारा:
वाचलेल्यांनी नंतर जे सांगितलं ते मी बरंच वाचलंय म्हणून लिहिते. मुल्ला ब्रिजवर होते, आणि तिथल्या माणसांना त्यांनी अक्षरशः ढकलून पाण्यात पाठवलं. स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं असंही सांगतात. पाण्यातून वळून बघणाऱ्या एका अधिकाऱ्याला ते खुर्चीत बसलेले दिसले, हातात सिगारेट. लोक या खुर्चीवरच फार बोलतात, मला मात्र त्याच्या आधीचा तो एक मिनिट मोठा वाटतो. खालच्या डेकवर बरेच जण अडकलेले, वीज गेलेली, पूर्ण अंधार, वर यायला शिड्या आणि हॅच (डेकमधली झाकणाची दारं) मोजके, जहाज तिरकं होतंय. त्यातले किती अजून खाली आहेत हे त्या ब्रिजवर सगळ्यात जास्त त्यांना माहीत होतं.

वाचले ६७ जण. त्यांना दुसऱ्या दिवशी कच्छल या जहाजाने पाण्यातून बाहेर काढलं, अख्खी रात्र डिसेंबरच्या समुद्रात काढलेली माणसं ती.

तर्कट:
किनारा, हे असं मी कधी बघितलंच नव्हतं, खरंच. प्रश्न माझा तसाच आहे पण तो मुल्लांना नाही, जहाज पाठवणाऱ्यांना आहे.

सोनारवाला:
ताई, अजून एक, परत दीवला गेलात तर नवीन खुकरी पण दाखवा त्याला. माझगाव डॉकने बांधलेली, १९८९ ला नेव्हीत आली, डिसेंबर २०२१ ला निवृत्त झाली आणि मग म्युझियम करण्यासाठी दीवलाच दिली. जुन्या खुकरीचंच नाव. आत सोडत असतील तर खालच्या डेकवर नक्की न्या, शिडी किती अरुंद असते ते त्याला स्वतः चढून कळू दे.

समुद्रवेडी:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री त्याला हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं की खाली जे होते त्यांना कॅप्टन वर थांबलेत हे कळलं असेल का. मी म्हटलं बहुतेक नाही कळलं रे, अंधार होता. तर म्हणाला, तरी थांबले. उन्हाळ्याच्या सुट्टीत परत नेते त्याला.